हिरवं टोक, लाल टोक

देवानं आणि माणसानं मिळून या जगात जेवढ्या वस्तू केल्या, त्यातली एकही आमच्या व्याह्यांनी तपासल्याशिवाय पदरात घेतलेली नाही. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या सुनेचे वडील. भोसरीकडच्या एका कंपनीत दात पाडलेली चाकं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कंपनीनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी काही कंपनीला निवृत्त केलं नाही. बाजारात वांगं देठाला धरून उजेडात फिरवणार. ताटात भाकरी पडली की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवणार, "इथं जरा जाडी भरतेय" म्हणणार, आणि मग तसलीच आणखी एक मागून घेणार. आमच्या भैरोबाच्या देवळात पहिल्यांदा आले तेव्हा घंटा वाजवली आणि हात जोडायचे सोडून तिला कान लावून उभे राहिले. "आतून चीर आहे हिला," म्हणाले. पुजाऱ्यानं ते ऐकलं आणि पुढं कितीतरी दिवस मला अंगारा लावताना बोट असं टेकवायचा की कपाळाला भोक पडावं. माझ्या मुलाला बघायला आले तेव्हाही तेच. शिक्षण विचारलं, पगार विचारला, आणि शेवटी म्हणतात कसे, "मुलगा उत्तम आहे, फक्त डावा खांदा थोडा उतरलेला वाटतो." मी म्हणालो, "पाव्हणं, पोरगी द्यायचीय का बैलजोडी जुळवायचीय?" त्यावर हसले, पण निघताना जोडे घालायच्या निमित्तानं वाकून खालून एकदा खांदा बघून घेतलाच.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपली जुनी रीत. हल्ली ती कोण पाळतं? पण या मोजमापाच्या माणसानं ती कसोशीनं पाळली. सांगवीहून येताना स्टीलची बाटली आणि डबा घेऊन यायचे, आमच्या ओट्यावर बसून स्वतःचं पाणी प्यायचे, स्वतःची पोळी खायचे आणि जाताना आमचा ओटा उताराला नसल्याचं सांगून जायचे. नात झाली. पेढे वाटले. सुनेनं हौसेनं तांब्या पुढं केला. एवढ्या वर्षांचं पाणी, माणसानं डोळे मिटून प्यावं की नाही? यांनी तांब्या उन्हात धरला. "बोअरचं का? क्षार दिसतात." सून म्हणाली, "पप्पा, प्या आता गुमान." तेव्हा कुठं प्याले. पुढं विहीणबाई गेल्या, सांगवीचं घर त्यांना खायला उठायला लागलं, आणि आठवड्यातले चार-पाच दिवस ते आमच्याकडंच राहायला लागले. त्यांना एकटं वाटू नये एवढीच माझी इच्छा होती. मला एकटं राहायला मिळावं ही इच्छा त्यानंतर लौकरच सुरू झाली.

आता शाळेचं सांगतो. महाळुंग्याच्या पलीकडं आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला जिल्हा परिषदेची शाळा. शाळेला जागा माझ्या वडलांनी दिलेली आहे. मी स्वतः त्या शाळेत दुसरीपर्यंत होतो. मास्तरांनी माझी चूक नसताना छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवून उठलो. लोक म्हणतात आबांची शाळा सुटली. सुटली नाही, मी सोडली. पण जागा आमची असल्यामुळं शाळेच्या प्रत्येक सभेला मी जातो, बोलावणं असो वा नसो. पूर्वी शाळेत वाडीची पोरं असायची. आता चारी बाजूंनी कंपन्या उठल्या, जमिनी गेल्या, पैसे आले, आणि वाडीची पोरं सकाळी टाय बांधून पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्या शाळेत आता चाळीतली पोरं आहेत. नांदेडची, हिंगोलीची, बीडची, थोडी बिहारकडची. बापाचं काम जिथवर, तिथवर पोराची शाळा. शिकवायला एक बाई आणि एक गुरुजी. गुरुजींचं निम्मं लक्ष प्लॉटच्या धंद्यात, फोन कानाला आणि दुसऱ्या हातात खडू. बाई मात्र जीव लावणाऱ्या.

नात अंगणवाडीत जायला लागली. अंगणवाडी शाळेच्याच आवारात. तिला सोडायला व्याही जायचे, आणि जो माणूस देवाच्या घंटेला सोडत नाही तो शाळेला सोडेल होय? एके दिवशी परत आले ते चेहरा टाकून.

"आबा, पाचवीतल्या मुलाला भिंतीवरचा सुविचार वाचायला सांगितला. नाही आला."

"अवघड असंल सुविचार."

"'नेहमी खरे बोलावे.' यात काय अवघड आहे?"

"बोलायला अवघड हाय."

"चेष्टा नको. वाचता येत नाही आणि पाचवीत बसलाय. याला पास कुणी केला?"

"सरकारनं."

"सही कुणाची?"

"आता सरकार काय घरोघर सह्या करत हिंडतंय व्हय?"

"मग जबाबदार कोण?"

हे 'जबाबदार कोण' त्या दिवशी आमच्या घरात शिरलं. दूध उतू गेलं तरी जबाबदार कोण, लाईट गेली तरी जबाबदार कोण. मी त्यांना समजावून बघितलं. म्हणालो, पाव्हणं, त्या बाईंना शिकवायला कुणी सोडतंय का? खिचडी शिजली, टाक फोटो. झाड लावलं, टाक फोटो. पोरांनी हात धुतले, टाक फोटो. शिकवण्याचा फोटो निघत नाही, म्हणून तेवढंच राहून जातं. मतदारयाद्या त्यांनीच करायच्या, घरं त्यांनीच मोजायची, वर दर महिन्याला प्रशिक्षण, आणि तिथून आल्यावर मागच्या महिन्यात शिकवलेलं सगळं चुकीचं होतं असं कळतं. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं सगळं मान्य," म्हणाले. "पण मुलाला वाचता येत नाही ते नाहीच ना?" ही त्यांची सगळ्यात चीड आणणारी खोड. वाद घालणारा माणूस तुमचं खोडून तरी काढतो. हे सगळं मान्य करतात आणि जिथं होते तिथंच उभे राहतात. खांबाशी भांडल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

शाळेच्या समितीत 'शिक्षणप्रेमी' म्हणून एक जागा असते. सभेत तो शब्द निघाला की सगळे आपापल्या चपला बघायला लागतात. यंदा व्याह्यांनी हात वर केला. गुरुजींनी लगेच टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना एका गिऱ्हाइकाचा फोन येत होता. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर कात्री, पुठ्ठा, डिंक आणि फूटपट्टी यांचा कारखाना सुरू झाला. ओट्यावर सुपारी कातरायला मला जागा राहिली नाही.

त्यांच्या कंपनीत भोक तपासायला एक लोखंडी दांडी असायची, तिला ते गेज म्हणतात. तिला दोन टोकं. एक हिरवं, एक लाल. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे, आणि लाल टोक जाता कामा नये. हिरवं गेलं नाही तर भोक लहान, माल रिजेक्ट. लाल गेलं तर भोक मोठं, तरी माल रिजेक्ट. हिरवं जाईल आणि लाल अडेल, तोच माल ओके. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन. तर यांनी पोरांच्या वाचनाचं गेज बनवलं! फूटपट्टीच्या एका टोकाला हिरवा पुठ्ठा, त्यावर तिसरीच्या पुस्तकातला धडा. दुसऱ्या टोकाला लाल पुठ्ठा, त्यावर सातवीच्या पुस्तकातला उतारा, जोडाक्षरांनी गच्च भरलेला.

"पाव्हणं, लाल टोक कशाला? हिरवं वाचलं की झालं की."

"एका टोकाची तपासणी म्हणजे तपासणीच नव्हे, आबा. सगळी नोकरी मी दोन टोकांनी केली."

तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन स्केचपेनं लावून ते तिसरीच्या वर्गात बसले. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. पोरांना काय, मजाच वाटत होती. एकेक पोर पुढं यायचं, हिरवं वाचायचं, लाल वाचायचा प्रयत्न करायचं, आणि व्याही त्याच्या अंगठ्याच्या नखावर ठिपका द्यायचे. ओकेला हिरवा, रिजेक्टला लाल. बाईंना त्या दिवशी तालुक्याला बोलावलं होतं, गुरुजी आवारात फोनवर होते. म्हणजे अडवायला मीच होतो, आणि मला त्यात अडवण्यासारखं काही दिसलं नाही. संध्याकाळी चाळीत निराळीच गंमत झाली. पोलिओचा डोस दिला की बोटाला खूण करतात ना, तसलं काहीतरी असणार अशी बायकांची समजूत झाली. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी कडेवरची पोरं घेऊन शाळेत हजर. "सर, ह्याचा राहिला की, ह्यालाबी द्या." व्याह्यांनी त्यांना बसवून तपासणी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि शेवटी एकीनं विचारलं, "मंग ताप येतो का रात्री?"

पण सगळ्याच बाया तसल्या समजुतीत नव्हत्या. दुर्गा म्हणून तिसरीतली एक मुलगी, हिंगोलीकडची. तिच्या नखावर लाल ठिपका होता. तिची आई जवळच्याच एका शेडमध्ये सुटे भाग निवडायचं काम करते. तिला अक्षर येत नाही, पण आमच्या या पट्ट्यात लाल रंग कळायला अक्षर लागत नाही. ती मुलीचा हात धरून आली आणि तो अंगठा तिनं व्याह्यांच्या तोंडापुढं धरला.

"आमच्या शेडात लाल लावला की त्यो माल भंगारात जातो. माझ्या लेकराला का म्हून लावला?"

व्याही म्हणाले, "ताई, तसं नाही. ती फक्त एक नोंद आहे."

"मलाबी तसंच सांगतेत, नोंद हाय म्हून. मंग टेम्पो येतो आन घेऊन जातो."

एवढं बोलून ती मुलीला घेऊन गेली. सोमवारी दुर्गा शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर बाई आमच्या ओट्यावर आल्या. एरवी हसतमुख बाई, पण त्या दिवशी पाण्याचा तांब्यासुद्धा तसाच ठेवला.

"काका, दुर्गाला लाल कशाबद्दल दिलात?"

"लाल टोक गेलं म्हणून."

"म्हणजे?"

"हिरवं वाचलं, आणि लालही वाचलं. सगळं. अडखळलीसुद्धा नाही."

"लालवर सातवीचा उतारा होता ना?"

"हो."

"तिसरीतल्या मुलीनं सातवीचा उतारा न अडखळता वाचला?"

"हो. मग लाल टोक आत गेलं, म्हणजे भोक..." आणि व्याही तिथंच थांबले.

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात एकच पोरगी अशी आहे काका, जिला पुस्तक दिलं की ती मधल्या सुट्टीत डबा खायची विसरते. आई कामावर गेली की धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी ठेवायची ओढ घरात आहेच. मी मोठ्या मुश्किलीनं तिला शाळेत टिकवलीय. आता आईला वाटतंय, शाळेनंच सांगितलं पोरगी कामाची नाही. ही माणसं एकदा शाळेतून तुटली की परत जोडली जात नाहीत. काम बदलतं, गाव बदलतं, आणि मूल कुठल्याच शाळेत दिसत नाही." उठताना एवढंच म्हणाल्या, "ज्यांना काहीच वाचता येत नाही त्यांना लाल, आणि जिला सगळं येतं तिलाही लाल. मला शिकवायचं काय, ते तरी सांगा."

त्या गेल्यावर मी सुपारीचं खांड दातात धरून वाट बघत बसलो. व्याही म्हणाले, "आबा, गेज चुकलं."

माझं डोकंच फिरलं. "गेज न्हाई चुकलं! तुमी चुकला! पट्टीला काय तोंड हाय का, पोरीला रिजेक्ट म्हणाया?"

"तेच म्हणतोय मी. गेज चुकीचं निवडलं गेलं."

"कुणी निवडलं? जबाबदार कोण?"

हे मी बोलायला नको होतं. व्याही जेवले नाहीत. भाकरीच्या कडेला बोटसुद्धा लावलं नाही, तेव्हा सून घाबरून मला म्हणाली, "मामंजी, तुम्ही पप्पांना काय बोलला?"

त्यानंतर चाळीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी स्कूटी चालवणार, ते मागं बसून "खड्डा, खड्डा" करणार. चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग, आणि तिथं माणूस भेटायचं तर आधी शिफ्ट कळावी लागते. सकाळी गेलो तर आई पहिल्या शिफ्टला. दुपारी गेलो तर बाप दुसऱ्या शिफ्टला जायच्या गडबडीत, "तिची माय आल्यावर या." माय ओव्हरटाइमला थांबलेली. शेजारची बाई म्हणाली, "कशाला हिंडताव आजोबा, तुमचा डोस काही घेत नाहीत ती आता." मी म्हणालो, पाव्हणं, चला, बाई बघतील. तर म्हणतात, "लॉट माझ्या सहीनं गेलाय, आबा." या माणसाच्या अशा बोलण्याला मी कंटाळलो होतो, पण स्कूटी काढत होतो.

रविवारी सगळी घरी सापडली. दारात पोती बांधून ठेवलेली, भांडी एका टोपल्यात, टोपल्यावर केरसुणी. बापाचं कंत्राटाचं काम संपलं होतं, रांजणगावकडं नवीन लागलं होतं, आणि दुपारी टेम्पो यायचा होता. व्याही दारातच उभे राहिले. त्यांनी काय काय तयारी केली होती ते मला माहीत आहे, रस्ताभर माझ्या मानेमागं पुटपुटत होते. पण आता बोलले ते भलतंच.

"ताई, चूक माझी आहे. तुमच्या मुलीला सगळं येतं. तिला जेवढं येतं तेवढं मोजायला माझ्याकडं पट्टी नव्हती."

आई पोत्याची गाठ मारत होती. "आता सांगून काय करताव, काका? चाललो आमी."

"तिकडं शाळेत घालाल ना?"

"बघू. आधी खोली तर भेटू द्या."

दुर्गा भावाला कडेवर घेऊन दाराच्या आडोशाला उभी होती. नखावरचा ठिपका कधीच गेला होता. व्याह्यांनी खिशातून हिरवं स्केचपेन काढलं, खाली उकिडवे बसले, गुडघे कटकन वाजले, आणि हात पुढं केला. "बाळा, अंगठा दे बरं."

तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळा झालेला हात पाठीमागं नेला. "नको आजोबा. आता काहीच नका लावू." रागानं नव्हे, समजुतीनं म्हणाली, मोठं माणूस लहानाला म्हणतं तसं.

व्याह्यांनी पेनाला टोपण लावलं. ते लागता लागेना, तेव्हा मी त्यांच्या हातातून घेऊन लावलं आणि माझ्याच खिशात ठेवलं. येताना मागून 'खड्डा' असा आवाज एकदाही आला नाही, आणि मी दोन मोठे खड्डे खाल्ले.

मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं की तिथली शाळा आमच्या शाळेकडं कॉम्प्युटरवरून त्याचा दाखला मागते. बाईंनीच सांगितलं ते, व्याह्यांना धीर यावा म्हणून. तो धीर आम्हाला भोवला. रोज नातीला अंगणवाडीत सोडलं की हे शाळेच्या खिडकीशी उभे. "बाई, दुर्गाच्या दाखल्याची मागणी आली का?" "नाही काका." "बघितलंत ना नीट?" "बघितलं काका." घरी आले की मला सांगणार, "आज नाही आली." जसं काही मी विचारलंच होतं. मी म्हणतो, पाव्हणं, माणसं नवीन गावात गेली, आधी चूल मांडतील का दाखला मागतील? त्यावर "तुमचं मान्य," म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी. पोरांचं वाचन अजून घेतात, नाही असं नाही. पण आता पुस्तक पोरालाच निवडायला लावतात, समोर मांडी घालून बसतात आणि नुसतं ऐकतात. परवा एका पोरानं 'क्ष'ला अडखळून वर बघितलं, तर हे म्हणाले, "असू दे, माझाही अडायचा." तो त्यांचा कधी अडला होता, देव जाणे.

गेल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, दवाखाना तिकडंच जवळ, म्हणून ते सांगवीला आहेत. डॉक्टरांनी उन्हात फिरायला मनाई केली आहे. घर कसं शांत आहे. भाकरी गोल आहे का चौकोनी, कोणी बघत नाही. नातीला सोडायला आता मी जातो. सोडलं की सरळ घरी यायचं, असं मी ठरवूनच निघालो होतो. पण शाळेच्या खिडकीशी माझे पाय थांबले. बाईंनी मान वर केली, मला पाहिलं, आणि मी विचारायच्या आधीच ती हळूच आडवी हलवली.

संध्याकाळी फोन आला. "आबा, डोळा बरा आहे. शाळेत गेला होता का?"

"गेल्तो."

"काय झालं?"

या माणसाला मी आयुष्यात कधी गोड बोललेलो नाही, आणि खोटंही बोललेलो नाही.

"नेट नव्हतं आज शाळेत, पाव्हणं," मी म्हणालो. "बाईंला काय बघताच आलं न्हाई."

"बरं," ते म्हणाले. आवाज जरा हलका झाल्यासारखा वाटला. "मग उद्या बघा."

"व्हय," म्हणालो. "उद्या बघतो."